कुणाच्या गोळीनं?

२२ जानेवारी १९७४

क्षयाची आणखी एक केस. राहीबाई फडतरे, वय बावीस-तेवीस. नवरा मिलिटरीत, घरी ती आणि सासू. खोकला दिवाळीपासून आहे आणि आणली आज, संक्रांत उलटल्यावर. सासू धोंडुबाई म्हणते, "सणवार उरकू दे म्हनलं." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. थुंकीत जंतू सापडले. वजन छत्तीस किलो. या वयाच्या बाईचे!

दीड वर्ष रोज गोळी घ्यायची, बरे वाटले म्हणून सोडायची नाही, सोडलीस तर परत माझ्याकडे यायचे नाही, असे तीनदा बजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले काय, तर, "सैपाक मी केला तर चालंल का?" एवढ्या मोठ्या आजाराबद्दल सांगावे आणि यांना चूल दिसावी! उत्तर न देता पुढच्या पेशंटला हाक मारली.

वडूजला लोक निदान ऐकून तरी घेतात. पिंपळदऱ्याला बदली करून सरकारने माझ्यावर कसला सूड उगवला आहे कळत नाही.

९ फेब्रुवारी

राहीबाईचा नवरा लालासाहेब सुट्टीवर आला आहे हे मला वासावरून कळले. गेले चार दिवस येणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या अंगाला एकच साबण. नर्स लीलाबाईंनी खुलासा केला. तो आला की त्याची काळी ट्रंक ओट्यावर उघडतो आणि भावकीपासून धनगरवाड्यापर्यंत सगळ्यांना काहीतरी देतो. कुणाला साबण, कुणाला मोजे, म्हाताऱ्यांना रम. पोरांची पोटे दुखली तर त्यावरही त्याच्याकडे इलाज असतो म्हणे. चला, तेवढीच माझी गर्दी कमी.

संध्याकाळी स्वतः आला. उंच, ताठ, सलाम ठोकणारा. "सायेब, हिला वाचवा. बाकी मला काय कळत न्हाई." बाटली पुढे केली. मी पेशंटकडून चहासुद्धा घेत नाही, हे त्याला जरा कडकच सांगितले. त्याचा चेहरा उतरला. उतरू दे. एकाची घेतली की गावभर होते.

राहीबाईचा खोकला थोडा कमी आहे.

२० फेब्रुवारी

भयंकर दिवस. सकाळी बैलगाडीतून राहीबाईला आणले. अंगभर लाल चट्टे, हातांवर आणि मानेवर फोड, डोळे तांबारलेले, तोंड आतून सोललेले. पाणीसुद्धा गिळवेना. ताप. लालासाहेबाने तिला दोन्ही हातांवर घेऊन आत आणले आणि तो तसाच उभा राहिला. खाली ठेवायचे त्याला सुचेना.

धोंडुबाईने व्हरांड्यातच सुरू केले. "चांगली चालती-बोलती पोर हुती. ह्येच्या गोळ्यांनी जाळली!" बाहेर पन्नास माणसे ऐकत होती.

आणि म्हातारी कदाचित बरोबर होती. आमच्या त्या गोळीत दोन औषधे एकत्र असतात आणि त्यातले एक काहींच्या अंगावर उठते, अगदी असेच. पुस्तकात आहे. काही दगावतात, हेही आहे.

तरी डॉक्टर म्हणून विचारायला हवे ते विचारले. माझ्या गोळीखेरीज दुसरे काही पोटात गेले का? वैदूचे? मांत्रिकाचे? झाडपाला? बिब्बा? "खरे सांगा, नाहीतर एकेकाला पोलिसात देईन. असल्या अडाणीपणानेच माणसे मरतात." तिघांनीही मूग गिळले. मी म्हटले, म्हणजे नाही ना? धोंडुबाई म्हणाली, "न्हाई म्हंजे न्हाई." लालासाहेब म्हणाला, "वैदूला मी दारात उभा करीत न्हाई, सायेब."

गोळ्या बंद केल्या. सलाइन लावले. इथेच ठेवून घेतली आहे.

२३ फेब्रुवारी

फोड सुकत आहेत. ताप उतरला. लालासाहेब तिच्या कॉटखाली चादर टाकून झोपतो. हिंदीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटतो, बहुतेक देवाला.

इकडे गावात आग लागली आहे. नाथाजी मदने, तीन महिने गोळ्या घेणारा माझा सर्वात चांगला पेशंट, त्याने पिशवीच विहिरीत टाकली. बोलावून घेतले तर म्हणतो, "खोकून मरंन, पन असं सोलून मरनार न्हाई." आणखी दोघे फिरकलेच नाहीत. दोन वर्षे घसा फोडून जे उभे केले ते एका बाईच्या अंगावरच्या फोडांनी आडवे केले.

साताऱ्याला क्षय अधिकाऱ्यांना कळवले. हिच्यापुरती गोळी बदलावी लागेल. बदलून काय द्यायचे? रोजचे इंजेक्शन, आणि घोट घेताच ओकारी येते ती पूड. इंजेक्शनचा साठा शून्य. दोन्हीही नसतील तर ही बाई पुढची दिवाळी बघत नाही. म्हणून नक्की कळायला हवे. गोळीने झाले असेल तर ती पुन्हा देणे म्हणजे खून. झाले नसेल तर न देणे म्हणजेही खूनच, फक्त सावकाश.

२८ फेब्रुवारी

घरी पाठवली. गोळी बंद केली आणि अंग सुधारले. म्हणजे गुन्हेगार सापडला, आणि तो माझाच निघाला. मन अगदी विटून गेले आहे.

४ मार्च

काहीच्या काही! राहीबाईच्या अंगावर पुन्हा उठले आहे. काल दुपारपर्यंत चांगली होती, रात्री अंग पेटले आणि सकाळी जुन्याच जागी नवे फोड. गोळी बंद असताना!

एकच अर्थ. घरी चोरून गोळ्या खात असणार. सासूच्या भीतीने, लवकर बरे व्हायच्या नादाने, काहीही. मी विचारले, "गोळ्या घेतेस ना अजून?" ती म्हणाली, "न्हाई." "मग पिशवी कुठे आहे?" "गोठ्यात, खुंटीला हाय." "टाकली का नाहीस?" यावर नवऱ्याकडे बघितले, मग खाली मान. हा मला ठरलेला तमाशा वाटला. मी चढ्या आवाजात बोललो हे खरे, पण कोण बोलणार नाही?

लालासाहेब पाणी आणायला बाहेर गेला तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "डाक्टर, येक इचारू? येकाच दिसात असं पुन्यांदा..."

मी म्हटले, "प्रश्न मी विचारणार. तू फक्त खरी उत्तरे दे." त्यावर तिच्या तोंडाला जे कुलूप लागले ते संध्याकाळपर्यंत. या लोकांपुढे मी हात टेकले.

९ मार्च, सांगली

आईला भेटायला म्हणून आलो, पण खरे कारण सर. रिटायर होऊन कृष्णेच्या काठाला घर बांधून राहिले आहेत, कॉलेजात आम्हाला औषधे शिकवायचे. त्यांना सगळी हकिकत सांगितली. ते अंगणात वाळत टाकलेल्या हळकुंडांवरून हात फिरवत ऐकत होते.

म्हणाले, "गोळी बंद असताना परत उठलं. मग गोळीवर खापर कसं फोडतोस?"

"चोरून खात असेल, सर."

"ते तुझं अनुमान. दुसरं काही पोटात गेलं होतं का? दोन्ही वेळेला?"

"विचारलं. नाही म्हणाले."

सरांनी माझ्याकडे बघितले. "विचारलंस, की दरडावलंस?"

मला राग आला. इतक्या वर्षांनी भेटलेल्या विद्यार्थ्याला हा कसला प्रश्न? सरांचे वय झाले आहे. पिंपळदऱ्यात पेशंटशी गोड बोलून बघा म्हणावे. चहा घेऊन निघालो. एस.टी.त कऱ्हाडपर्यंत उभा.

१६ मार्च

राहीबाई तपासणीला आली, या वेळी एकटी. अंग कोरडे, काळे डाग राहिले आहेत तेवढे. तोंड भरले. खोकला जवळजवळ नाही. वजन चाळीस!

हे कसे शक्य आहे? दुखण्यात महिनाभर अन्न गेले नाही, क्षयाची गोळी बंद, आणि वजन वाढते? काटा बिघडला आहे. मागेच लिहिले होते दुरुस्तीसाठी. आज पुन्हा वडूजच्या दुरुस्तीवाल्याला निरोप धाडला. सरकारी माल, नेमक्या वेळी दगा देणार.

तिला म्हटले, काट्यावर विश्वास ठेवू नकोस. ती पदरात हसली. पहिल्यांदाच हसताना पाहिली. हसण्यासारखे काय होते कोण जाणे.

साताऱ्याहून उत्तर आले. "सदर प्रतिक्रिया याच गोळीमुळे झाली हे निश्चित आहे काय, कळवावे." निश्चित! तेच तर मी रोज स्वतःला विचारतो आहे. मंगळवारी असे वाटते, बुधवारी तसे. त्यांना उत्तर लिहायचे लांबणीवर टाकले.

२७ मार्च

आजचे आजच लिहून ठेवतो.

दोन दिवस माझा घसा धरला आहे, आवाज बसला आहे. ओरडता येत नाही म्हणून लीलाबाई खूश दिसतात. धनगरवाड्याकडून परत येताना फडतऱ्यांच्या ओट्यावरून लालासाहेबाने हाक मारली. रविवारी तो परत चालला आहे. बस म्हणाला. घसा इतका सुजला होता की नाही म्हणायलाही आवाज निघेना, म्हणून बसलो.

माझा आवाज ऐकून तो उठला आणि ट्रंकेतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला. "ह्या घ्या, सायेब. आमच्या पल्टनीतल्या नर्सिंगवाल्या दोस्तानं दिल्यात. घसा म्हना, ताप म्हना, जखम म्हना, कशावर बी चालत्यात. निम्म्या गावाला मी दिल्यात." मोठ्या पांढऱ्या गोळ्या. हातात घेऊन बघितल्या. सल्फा, जंतूंवरचे जुने औषध. आमच्या कपाटातही आहेत.

"हिला पन दिल्या व्हत्या की," तो म्हणाला. "आलो तवा लय खोकत हुती. आठवडाभर दिल्या. मंग त्ये अंगावर उठलं तुमच्या गोळीचं. बरी हून घरी आली, तर हाताच्या फोडात पू दिसला, म्हनून पुन्यांदा दोन दिल्या."

सल्फाही अंगावर उठते. असेच, फोड येऊन. पहिल्यांदा आठवड्या-दोन आठवड्यांनी. आणि पुन्हा दिली तर त्याच रात्री.

सगळे डोळ्यांपुढे लख्ख झाले. माझी गोळी नव्हतीच! महिनाभर हे मुकाट बसले, महिनाभर माझे नाव गावात बद्दू झाले, नाथाजीने औषध विहिरीत घातले, आणि कारण या डब्यात! माझे पित्त असे खवळले की बसल्या घशातून ओरडणारच होतो.

तेवढ्यात राहीबाई दारात आली. माझ्याकडे बघून तिने नको म्हणून मान हलवली. एकदाच. मग नवऱ्याला म्हणाली, "आवं, सायबास्नी च्या करते. दूध न्हाई घरात. आणता का जरा?" तो डबा माझ्या मांडीवर ठेवून तांब्या घेऊन निघाला.

तो कोपऱ्यावर वळेपर्यंत ती दारातून बघत राहिली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "दुसऱ्या बारीला अंग पेटलं, तवाच कळलं. तुमची गोळी तवा बंद हुती. त्येंची तेवढी घेतली हुती."

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज म्हणजे नुसती फुसफूस.

"त्यास्नी परत जायाचं हाय. तिकडं बरफात रातभर बंदूक घिऊन उभं ऱ्हायाचं. माझ्या हातानं बायकू मरत हुती, ह्ये डोक्यात घिऊन ऱ्हायाचं? मला आणताना त्येंचं तोंड तुमी बघितलं न्हाई?"

बघितले होते. खाली ठेवायचे सुचत नव्हते त्याला.

"नंतर दिल्या त्यांनी आणखी?"

"दिल्या की. पदरात घातल्या. चुलीत टाकल्या."

"आणि माझ्या?"

"तुमच्या मी सुरू केल्या. माझ्या मनानं. गोठ्यात पिशवी हुती न्हवं? काय सुदीक झालं न्हाई बगा अंगावर."

जी परीक्षा करायचे धाडस मला होत नव्हते, ती हिने गोठ्यात उभी राहून करून टाकली होती. चुकली असती तर मेली असती. ते तिला सांगितले. म्हणाली, "न घेता बी मरनारच व्हते की. तुमीच म्हनला हुता, सोडायची न्हाई म्हनून."

मग म्हणाली, "त्यास्नी सांगू नगा. पाया पडते. सुट्टी सरू द्या. म्होरच्या बारीला आले की मीच सांगते."

मी म्हटले, आणि माझी गोळी गावात बदनाम राहू दे? नाथाजीचे काय? तो खोकून मेला तर? तेवढ्यात लालासाहेब दूध घेऊन आला.

चहा घेतला. आयुष्यात पेशंटच्या घरी पहिला. निघताना डबा उचलला आणि म्हटले, "घसा फारच धरलाय. सगळ्याच नेऊ का?" त्या माणसाला किती आनंद व्हावा! "न्या की, सायेब! तुमी घेत न्हाई म्हनून मला लय लागलं हुतं."

डबा कपाटात ठेवून कुलूप लावले आहे. खरे दाबून ठेवायला मी डॉक्टर झालो नाही. रविवारी त्याला सांगायचे असे आत्ता तरी वाटते आहे.

३१ मार्च

लालासाहेबाला पोचवायला अर्धे गाव वडूजच्या स्टँडवर. मी का गेलो? सांगायलाच गेलो होतो. शब्दही जुळवले होते, सौम्य.

त्याने आधी आईच्या पाया पडून घेतले, मग सगळ्यांना राम राम केला, आणि मला हाताला धरून बाजूला घेतले. बाजूला म्हणजे काय, दहा माणसांचे कान आमच्याकडेच. नाथाजीही होता, खोकत.

"सायेब, तुमी तो डबा नेल्यापास्नं मनात येक किडा हाय. खरं सांगा. हिला जे झालं, ते माज्याकडनं तर काय झालं न्हाई न्हवं?"

हवा होता तोच प्रश्न, हवा होता तसा, भर स्टँडवर. हो म्हटले असते तर एका शब्दात मी सुटलो असतो, माझी गोळी सुटली असती. राहीबाई टपाच्या शिडीपाशी ट्रंकेवर हात ठेवून उभी होती. माझ्याकडे बघतही नव्हती.

"नाही," मी म्हटले. "तुमच्याकडून काही झालं नाही. एखाद्याला एखादं औषध सोसत नाही. देणाऱ्याचा दोष नसतो."

हे सगळे खरेच आहे, असे रात्रभर स्वतःला सांगतो आहे. पण 'नाही' खरे नव्हते, हे मला माहीत आहे.

त्याने श्वास सोडला. खाडकन सलाम केला. मागून नाथाजी म्हणाला, "बगा! म्हंजे डाक्टरच्याच गोळीनं. आज सोताच कबूल झाला." धोंडुबाई म्हणाली, "मी म्हनत न्हवते?" मी गाडीच्या पाटीकडे बघत राहिलो.

गाडी सुटली. लालासाहेबाचा हात खिडकीतून दिसत होता तोवर राहीबाई जागची हलली नाही. गाडी वळली, दिसेनाशी झाली. मग ती पाण्याच्या नळाशी गेली, कनवटीची चंची सोडली, त्यातून गोळी काढली, माझी, ती पिवळट, आणि सगळ्यांच्या देखत जिभेवर ठेवून ओंजळभर पाण्याबरोबर गिळली.

"अगं ये भवाने, काय खातीस!" धोंडुबाई धावली.

"ही गोळी खातीया मी रोज. शिमग्याच्या आधीपास्नं." तिने बाही वर सरकवून हात पुढे केला. "कुटं काय उठलंय? बगा की. नाथाभाऊजी, बगा."

नाथाजी खरेच वाकून बघायला लागला. हात उलटा केला, सुलटा केला.

"मंग कशानं झालं हुतं गं?" सासूने विचारले.

राहीबाईने बाही खाली घेतली. गाडी गेली त्या रस्त्याकडे बघून म्हणाली, "झालं कशानं तरी. गेलं."

धोंडुबाई पुढे काही विचारणार होती, पण सुनेचे डोळे भरलेले बघून गप्प झाली. तिला काय समजले ते मला कळले नाही.

२ एप्रिल

साताऱ्याला उत्तर धाडले. प्रतिक्रिया आमच्या गोळीने नाही, सल्फाने. निश्चित. राहीबाईच्या कार्डावर तांबड्या शाईने लिहिले, सल्फा कधीही देऊ नये. तिला आणि लीलाबाईंना तोंडी सांगितले. पुढच्या सुट्टीत तिने नवऱ्याला सांगितले नाही तर मी सांगेन, हेही बजावले. "व्हय व्हय," म्हणाली. सांगेल की नाही, तिची तिलाच माहीत.

नाथाजी आला होता. नव्या गोळ्या नकोत म्हणतो, राहीबाईच्या पिशवीतल्याच द्या. त्या चांगल्या निघाल्यात! सगळ्या एकाच डब्यातून येतात हे त्याला समजावता समजावता आवाज पुन्हा बसला. शेवटी लीलाबाईंनी आत जाऊन त्याच गोळ्या दुसऱ्या पिशवीत घातल्या आणि राहीबाईच्या म्हणून दिल्या. मी बघितले नाही असे दाखवले.

६ एप्रिल

वडूजचा दुरुस्तीवाला एकदाचा उगवला. राहीबाई तेव्हा तपासणीलाच आली होती, बाकावर बसून बघत होती. त्याने काटा सगळा सोडवला, पुसला, पिशवीतली मापे एकेक ठेवून बघितली, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "सायेब, कशाला बोलावलं? काटा बिघडलेलाच न्हवता."

मी राहीबाईला काट्यावर उभे राहायला सांगितले. मग विचारले, "गेल्या महिन्यात, दुसऱ्यांदा अंगावर उठलं तेव्हा, तू काहीतरी विचारणार होतीस. मी विचारू दिलं नव्हतं. काय होतं ते?"

ती म्हणाली, "आता काय नको, सायेब. माजं मी इचारलं, माज्याच अंगाला."